औषधाची ज्वारी

मृगाच्या तोंडी बियाण्याची चौकशी करावी म्हणून आम्ही जालन्यास गेलो होतो. जालना हे बियाण्याचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको कंपनी काढली व १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. काम अपेक्षेपेक्षा लवकर आटोपले आणि परतीच्या गाडीस अवकाश होता, म्हणून पाय मस्तगडाकडे वळविले. ही गढी काबिलखानाने आसफजाहाच्या आज्ञेवरून १७२५ साली बांधली. बांधणीचे साल सांगणारा फारसी लेख तेथे आहे. परंतु गढीचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. तिच्या आसपासच्या वस्तीत एका भुसार दुकानापाशी आम्ही सहज उभे राहिलो असता जे ऐकले, त्यावरून हा लेख लिहावासा वाटला.

दुकानाच्या पायरीशी चार पोती तोंड उघडून ठेवली होती. एकात शाळू, दुसऱ्यात संकरित ज्वारी, तिसऱ्यात बाजरी आणि चौथ्यात 'परभणी शक्ती' या वाणाची ज्वारी. ही चौथी ज्वारी जवळच्याच एका शेतकऱ्याने पिकवून दोन पोती घातली होती. तिच्यावर पुठ्ठ्याचा एक तुकडा खोचलेला होता व त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : 'लोहयुक्त ज्वारी. पांडुरोग व रक्ताची कमतरता असणाऱ्यांसाठी उपयुक्त.' इतक्यात एक वृद्ध बाई नातीस घेऊन आली. तिने चौथ्या पोत्यातील मूठभर दाणे उचलले, तळहातावर पसरून पाहिले, एक दाताखाली फोडला. दाणा पसंत पडलासा दिसला. मग तिने नातीकडून पुठ्ठा वाचवून घेतला आणि मूठ हळूच पोत्यात सोडून दिली.

"ही औषधाची जवारी हाय का हो शेठ?"

"औषध नाही मावशी, ज्वारीच आहे. लोह जास्त आहे हिच्यात, एवढंच."

"असंल. पर आमच्या घरात कुणी आजारी न्हाई. शाळूच द्या पाच किलो."

ती शाळू घेऊन गेली. तिच्याबरोबरची मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असेल. आम्ही वैद्य नव्हेत. तथापि त्या मुलीचे ओठ फिकट होते व पिशवी उचलून चार पायऱ्या उतरताच तिला धाप लागली, एवढे आमच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. ज्या घरात कुणी आजारी नाही म्हणून आजी सांगत होती, त्या घरातील आजार तिच्या शेजारीच उभा होता, आणि त्यावर उपयोगी पडेल असे धान्य तिने हातात घेऊन परत ठेवले. दाण्यात खोट नव्हती. भावाची तर गोष्टच निघाली नाही. नडला तो पुठ्ठ्यावरचा मजकूर.

हे एका घरापुरते असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४.२ स्त्रियांच्या रक्तात कमतरता आढळली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांत हे प्रमाण शेकडा ६८.९ होते. म्हणजे दोन घरे सोडून तिसऱ्या घरी जाण्याची गरज नाही. आपल्याच माजघरात पाहावे. या स्थितीत पांडुरोगावरचा उपाय पांडुरोगाचे नाव घेऊन विकावयास गेल्यास कोणी घेत नाही, याचे कारण उघड आहे. रोग आपल्याला आहे असे कोणास वाटतच नाही. थकवा हा बाईच्या जातीस असावयाचाच, अशी आपली पिढीजात समजूत होऊन बसली आहे.

आधी त्या ज्वारीविषयी थोडे सांगतो. परभणी शक्ती हे वाण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेच्या साह्याने तयार करून २०१८ साली प्रसारित केले. सामान्य ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह व २० मिलिग्रॅम जस्त असते. या ज्वारीत लोह सुमारे ४५ व जस्त ३२ मिलिग्रॅम आहे. दिवसास ३०० ग्रॅम पीठ पोटात जाणाऱ्या माणसास साध्या ज्वारीतून ९ मिलिग्रॅम लोह मिळेल, तर हिच्यातून साडेतेरा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीस दररोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. तेव्हा ही ज्वारी म्हणजे जादू नव्हे. रोजच्याच भाकरीतून, ताटातला एकही पदार्थ न बदलता, जेवढी भर पडेल तेवढी पाडावी असा तिचा साधा हिशेब आहे.

अडचण अशी की लोह डोळ्यांस दिसत नाही. आफ्रिकेत अ-जीवनसत्त्वाचे रताळे लोकांत नेले, ते आतून नारिंगी असते. ते पाहूनच माणसास कळते की हे निराळे आहे. लोह व जस्त वाढले म्हणून ज्वारीचा रंग बदलत नाही आणि बाजरीचाही बदलत नाही. दोन ढीग शेजारी मांडले तर जाणता शेतकरीही कोणत्यात लोह अधिक हे सांगू शकणार नाही. म्हणून अशा धान्याच्या बाबतीत सारा भार शब्दावर येतो, आणि तो शब्द कसा घातला आहे यावर ते धान्य चुलीपर्यंत जाते किंवा पोत्यात राहते.

शब्द फिरविला की माणसाचा निवाडा फिरतो, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविलेले आहे. ट्वर्स्की व काहनमन या दोघांनी १९८१ साली एक प्रश्न प्रसिद्ध केला. ६०० माणसे दगावतील अशी साथ येत आहे. दोन उपायांपैकी कोणता घ्याल? पहिल्या उपायाने '२०० माणसे खात्रीने वाचतील' असे सांगितले तेव्हा शंभरांतील ७२ लोकांनी तो घेतला. तोच उपाय '४०० माणसे खात्रीने मरतील' अशा शब्दांत दुसऱ्या लोकांपुढे मांडला तेव्हा शंभरांतील अवघ्या २२ लोकांनी तो पत्करला. हिशेब एकच, ६०० वजा ४००. पुढे १९८८ साली अमेरिकेत लेव्हिन व गेथ यांनी हीच गोष्ट खाण्याच्या पदार्थावर करून पाहिली. एकाच खिम्यास 'शेकडा ७५ निव्वळ मांस' म्हटले तेव्हा लोकांस तो चांगला वाटला आणि 'शेकडा २५ चरबी' म्हटले तेव्हा कमी प्रतीचा वाटला. परंतु आमच्या मते या प्रयोगातील महत्त्वाचा भाग निराळाच आहे. लोकांनी तो खिमा प्रत्यक्ष चाखला तेव्हा हा शब्दांचा फरक कमी झाला. जिभेने साक्ष दिली की कागदाची साक्ष मागे पडते. हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

परदेशचे दाखले घेऊन आपल्याकडचे निष्कर्ष काढणे आम्हांस आवडत नाही, आणि सुदैवाने तशी वेळही नाही. असा प्रयोग आपल्या महाराष्ट्राच्या खेड्यांत, आपल्याच बाजरीवर झालेला आहे. बानर्जी, बिरोल, करंदीकर व रामपाल या संशोधकांनी तो करून २०१६ साली प्रसिद्ध केला. अधिक लोहाची बाजरी व गावची नेहमीची बाजरी लोकांपुढे ठेवून प्रत्येकीस काय भाव द्याल ते बोलीच्या रीतीने काढून घेतले. काही जणांस पोषणाची माहिती सांगितली, काहींस सांगितली नाही. धान्यावरचे नाव व खात्रीचा शिक्का कोठे राज्यातील संस्थेचा दाखविला, कोठे आंतरराष्ट्रीय संस्थेचा.

निष्पन्न काय झाले ते पाहा. ज्यांस लोहाविषयी एक अक्षरही सांगितले नव्हते त्यांनीसुद्धा नव्या बाजरीस थोडा अधिक भाव दिला, कारण रूपारसात ती त्यांस उजवी वाटली. आरोग्याचा लाभ समजावून सांगितल्यावर हा जादा भाव पुष्कळच वाढला. तिसरी गोष्ट मात्र आम्हांस थोडी बोचली. राज्यातील संस्थेच्या नावापेक्षा व शिक्क्यापेक्षा आंतरराष्ट्रीय संस्थेचे नाव व शिक्का लोकांस अधिक मानवला. पिकते तेथे विकत नाही म्हणतात, ते धान्याइतकेच विद्येसही लागू आहे. विद्यापीठ आपले, शास्त्रज्ञ आपले, शेत आपले. पण विश्वास बाहेरच्यावर. यात लोकांस दोष देण्यात अर्थ नाही. सरकारी कागदाने आजवर कोणत्या गोष्टी सांगितल्या व त्यांतल्या किती खऱ्या ठरल्या, याचा लोकांनी मनाशी धरलेला तो हिशेब आहे.

बाजरीचा गुण कागदावरच राहिला असेही नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात वसतिगृहांत राहणाऱ्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींस काही महिने नेमाने बाजरीच्या भाकरी देण्यात आल्या. काहींस अधिक लोहाची, काहींस साधी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे ज्या मुलांत आरंभी लोहाची उणीव होती, त्यांपैकी अधिक लोहाची बाजरी खाणाऱ्यांची उणीव सहा महिन्यांत भरून निघण्याचा संभव साध्या बाजरीवाल्यांच्या १.६४ पट होता. मुलांनी भाकरीच खाल्ली, गोळी नव्हे.

आणि 'धनशक्ती' ही लोहाची बाजरी शेतात कशी शिरली, तेही पाहण्यासारखे आहे. किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोहाचे हे वाण आयसीटीपी ८२०३ या जुन्या वाणातूनच निवडून काढले. ते जुने वाण टपोरा दाणा व लवकर येणारे पीक म्हणून आपल्याकडे आधीच मानलेले होते. शेतकऱ्यास लोह दाखवावे लागले नाही. दाणा व दिवस दाखवावे लागले. शेतकऱ्याची व गृहिणीची निवड निरनिराळ्या खुणांवर होते, आणि संदेश लिहिणारे बहुधा तिसऱ्याच, म्हणजे डॉक्टराच्या, खुणेवर लिहितात.

आता आपल्या घरची लाज थोडी सांगणे भाग आहे. ज्वारी-बाजरीस 'भरड धान्य' हे नाव कोणी व केव्हा दिले असेल ते असो. पण भरड म्हणजे जाडेभरडे, हलके, हे लहान मुलासही समजते. पाहुणा आला की गव्हाची पोळी, आणि घरच्यांस भाकरी. पाहुण्याच्या ताटात भाकरी वाढावयास आम्हां घरंदाज शेतकऱ्यांस संकोच वाटू लागला त्यास आता दोन पिढ्या होऊन गेल्या. आमच्या स्वतःच्या घरीही हेच चालले होते, ही कबुली देतो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर जी तांबडी मिलो मिळाली तिची आठवण काढताना वृद्ध माणसे अद्याप तोंड वाकडे करतात. तिच्या चवीपेक्षा 'परक्या देशात ती जनावरांस घालतात' या बोलण्याने ती अधिक कडू केली होती. पोट तिने भरले, पण मान खाली घालावयास लावून.

किंमत हाही एक संदेशच असतो, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर ठरविले. हेतू गरिबास स्वस्त द्यावे असा चांगलाच होता. पण तीन ओळींची ती दरपत्रिका वाचणाऱ्यास काय सांगत होती? तांदूळ वर, ज्वारी तळाशी. पुढे तेच सरकार एप्रिल २०१८ मध्ये या धान्यांस 'पोषक धान्ये' म्हणू लागले; २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी जागतिक भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात 'श्रीअन्न' हे नाव आले. खरेदीच्या हमीभावाची भाषा तर आणखी निराळी. २०२३-२४ च्या हंगामास संकरित ज्वारीस ३,१८० व मालदांडीस ३,२२५ रुपये क्विंटल हा भाव जाहीर झाला, तर त्या रब्बीत पेरलेल्या गव्हास २,२७५. एका हाताने ज्वारी गव्हाहून मोलाची ठरविली, आणि दुसऱ्या हाताने, दुकानात, ती गव्हाच्या निम्म्या दराची केली होती. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले, म्हणून ती दरपत्रिका आता मागे पडली. तिने शिकविलेला धडा इतक्यात पुसला जाईल असे वाटत नाही.

'श्रीअन्न' या नावाविषयी आमचे मत विचाराल तर नाव चांगले आहे, परंतु ते देव्हाऱ्याचे नाव आहे, चुलीचे नव्हे. शहरातल्या मोठ्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे व बाजरीच्या शेवया त्या नावाखाली चढ्या भावाने विकल्या जातात, आणि ज्या गावात ती ज्वारी पिकते तेथे कपाशी व सोयाबीनच्या मधला पट्टाही तिच्या वाट्यास राहत नाही. कडब्याची गरज नसती तर तेवढीही पेरली गेली असती की नाही, कोण जाणे.

भीती घालून खाणे सुधारते काय, याविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडील आरोग्याच्या बहुतेक भित्तिपत्रकांत भीतीच असते. 'लोह न मिळाल्यास अमुक होईल, बाळ कमी वजनाचे होईल' असा त्यांचा सूर. ज्या वागणुकीने रोग येण्यापूर्वीच टळतो तिच्या बाबतीत तोटा सांगण्यापेक्षा लाभ सांगितलेला बरा, असे रॉथमन व सालोव्हे यांनी १९९७ साली प्रतिपादिले. मात्र नंतर अनेक प्रयोग एकत्र करून तपासले गेले तेव्हा हा फरक वाटला होता त्याहून लहान निघाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेव्हा लाभाचे शब्द वापरले की काम झाले, असे कोणी समजू नये. साप चावला असता काय करावे हे भीती घालूनच सांगावे. पण पानावर बसलेल्या माणसास भिववून घास गोड लागत नाही, आणि घरातल्या सुनेस उद्देशून लिहिलेले भय तर व्यर्थच. तिला कळले तरी दळणाचे धान्य कोणते आणावे हे ठरविणारी सासू असते, आणि शेतात काय पेरावे हे ठरविणारे आपण. 'गर्भवती मातांनो' अशी हाक मारणारे पत्रक आम्ही सातबारावाले वाचीत नाही. ती हाक आपल्याला नाही, असे समजून पुढे जातो.

याच्या उलट टोकास दुसरा उपद्रव आहे. 'ज्वारी खा, मधुमेह घालवा' असा मजकूर हल्ली भ्रमणध्वनीवर घरोघर फिरतो आहे. ज्वारीने मधुमेह जात नाही. पांढऱ्या तांदळाऐवजी भाकरी असली तर साखर सावकाश चढते हे खरे. पण चार भाकरी खाऊन, गोळी बंद करून बसणाऱ्याची साखर ज्वारी आवरणार नाही. ज्यांस आपली ज्वारी विकावयाची आहे त्यांनी असल्या मजकुरास हातभार लावू नये. एकदा फसलेला गिऱ्हाईक पुढे खरे सांगितलेलेही ऐकत नाही, आणि बाजारात बदनाम होते ती ज्वारी.

असो. त्या दिवशी दुकानदारापाशी आम्ही एवढेच बोललो की, पुठ्ठ्यावरून आजाराचे नाव काढून पाहा. तो हसला व म्हणाला, "काका, बोर्ड तुम्हीच लिहून द्या." आम्ही लिहून दिला. शिवाय ज्याला दाणा आवडेल त्यास भाकरीपुरते पीठ नमुना म्हणून बांधून द्यावे, असे सुचविले. ते त्याने कुरकुरत मान्य केले.

पोळ्यापूर्वी पुन्हा जाणे झाले तेव्हा दोन्ही पोती संपली होती. यास आम्ही प्रयोग म्हणत नाही. पुठ्ठ्याने विकली, की पिठाच्या पुड्यांनी, की सणासुदीच्या गिऱ्हाइकीने, हे वेगळे करून सांगता येणार नाही. आमचा स्वतःचा कल पुड्यांकडे आहे. ती आजी पुन्हा आली होती काय, असे विचारले. दुकानदारास आठवेना. ज्या शेतकऱ्याने ती ज्वारी घातली होती, त्याने यंदा त्या रानात सोयाबीन पेरले आहे, असेही त्याच्याकडून कळले. शेतकऱ्यास आम्ही गाठले. "विकली गेली हे मला कुणी सांगितलं असतं, तर पेरली असती की," असे तो म्हणाला, आणि पुढल्या खेपेस एक एकर तरी राखीन असे कबूल केले. बियाण्यासाठी परभणीच्या विद्यापीठाकडे, किंवा जालन्याजवळ खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राकडे वेळेवर चौकशी करण्यास त्यास सांगून आलो.

ज्या वाचकांस आपल्या ज्वारीवर असा पुठ्ठा लावून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी आम्ही लिहून दिलेला मजकूर खाली देत आहोत. यात कोणास फेरफार करावासा वाटल्यास खुशाल करावा, फक्त आजाराचे नाव व खोटे वचन त्यात घालू नये. आणि अनुभव काय आला ते आम्हांस अवश्य कळवावे.

'परभणी शक्ती. आपल्याच शिवारातील ज्वारी. दाणा फोडून पाहा, पीठ नेऊन भाकरी करून पाहा. साध्या ज्वारीहून हिच्यात लोह दीडपट. पोरीबाळींच्या, लेकरांच्या, राबणाऱ्यांच्या अंगी लागते. भाकरीवर लिंबू पिळावे, जेवणावर लगेच चहा घेऊ नये.'